बकिंगहॅमचा चार्ज

आमच्या बँकेत कुणाची बदली झाली की दोन समारंभ होतात. पहिला निरोपाचा. त्यात शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि जाणाऱ्यानं सगळ्यांना कसं सांभाळून घेतलं याबद्दल चार खोटी भाषणं असतात. दुसरा समारंभ चार्ज देण्याघेण्याचा. त्यात वडा नसतो, पण भाषणं खरी असतात. येणारा माणूस जाणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये हात घालतो, गंजक्या टाचण्या, संपलेली दोन रिफिलं आणि कुणीच उत्तर न दिलेलं हेड ऑफिसचं एक पत्र बाहेर काढतो आणि म्हणतो, "हे असं कोण ठेवतं हो?" मग शिक्के मोजतात, किल्ल्या मोजतात, सस्पेन्स खात्यात लोंबकळणाऱ्या नोंदी मोजतात, यादीवर सह्या होतात. पहिल्या आठवड्यात नवा माणूस टेबलाची दिशा बदलतो. दुसऱ्या आठवड्यात टेबलाच्या काचेखालचे देव बदलतो. महिन्याभरात असं वाटायला लागतं की या टेबलाशी पूर्वी मनुष्यवस्तीच नव्हती.

आता हे टेबलाच्या बाबतीत ठीक आहे. माझ्या टेबलाला कुणी साष्टांग नमस्कार घालायला येत नव्हतं. पण ज्या वस्तूकडे आपण वीस-पंचवीस वर्षं लांबून डोळे लावून बसलो, जिचे फोटो मासिकांतून कापून ठेवले, ती वस्तू एके दिवशी यादीवर सही करून आपल्याच ताब्यात आली तर माणसानं काय करावं? बी.कॉम.ला आम्हाला गुडविलची किंमत काढायला शिकवलं होतं. गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची आणि तिला दोनानं गुणायचं. सोपं होतं, मार्क मिळत. पण दुसऱ्याचं गुडविल पदरात पडल्यावर त्याचं पुढे करायचं काय, हे अभ्यासक्रमात नव्हतं. तो धडा मला पुढे एका इंग्रज पाद्रीबुवांच्या आगगाडीनं शिकवला. आगगाडी म्हणजे खेळण्यातली. अर्थात त्या लोकांसमोर 'खेळण्यातली' म्हणू नये. आपल्याकडे शास्त्रीय गायकाला 'तुम्ही गाणी छान म्हणता' असं म्हटल्यावर जो चेहरा होतो, तसा होतो.

या वस्तूला मराठीत धड शब्द नाही. इंग्रजीत 'लेआउट' म्हणतात, पण आपल्याकडे लेआउट म्हटलं की चुन्याच्या रेघा मारलेले बिनशेती प्लॉट आणि त्यांवरून चाललेले दिवाणी दावे डोळ्यांपुढे येतात. इथला लेआउट म्हणजे लाकडी फळ्यांवर उभं केलेलं एक अख्खं जग. रूळ, स्टेशनं, सिग्नल, डोंगर, पूल, गावातली घरं, परसातली वाळत घातलेली धोतरं (तिकडे पाटलोणी), आणि या सगळ्यातून वेळापत्रकाप्रमाणे धावणारी बोटभर गाडी. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे दिवाळीचा किल्ला.

आमच्या वाड्यात किल्ल्याचं सरदारपद वंशपरंपरागत नव्हतं, इयत्तापरंपरागत होतं. दहावीत गेलेल्या मुलाला घरचे चिखलात हात घालू देत नसत, त्यामुळे मावळ्यांचा खोका आपोआप आठवीतल्या मुलाकडे येई. महाराज तेच, सिंहासन तेच, एक पाय मोडलेला तोफखान्याचा बैलही तोच. पण प्रत्येक नव्या सरदाराला वाटे, आपल्या कारकिर्दीची काहीतरी खूण उरली पाहिजे. एकानं सलाइनच्या नळीचं कारंजं आणलं. दुसऱ्यानं राजगडाच्या पायथ्याशी प्लॅस्टिकचा जिराफ चरायला सोडला. मागचा सरदार तेव्हा गॅलरीत पुस्तक घेऊन उभा असे आणि वरून सुस्कारे टाकी. "आमच्या वेळी बुरुजाला असला उतार नव्हता." पण या भांडणाला आयुष्य नव्हतं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत पेरलेले अळीव पिवळे पडत, कुणीतरी बादलीभर पाणी ओती आणि स्वराज्य अंगणात वाहून जाई. लेआउट वाहून जात नाही. तो तीस, चाळीस, पन्नास वर्षं उभा राहतो आणि एके दिवशी बांधणारा जातो, बांधलेलं मागे उरतं.

रेव्हरंड पीटर डेनी यांचं तसंच झालं. आपण त्यांना डेनीबुवा म्हणू, कारण ते खरोखरच धर्मोपदेशक होते आणि स्वभावानं आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकारबुवांच्या जवळचे असावेत असा मला संशय आहे. दुसरं महायुद्ध संपता संपता त्यांनी एक रेल्वे बांधायला घेतली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते ती बांधत होते. तिचं नाव बकिंगहॅम शाखा. कंपनी ग्रेट सेंट्रल. साल १९०७.

यातली गंमत बघा. इंग्लंडात बकिंगहॅम नावाचं गाव आहे, ग्रेट सेंट्रल नावाची रेल्वे कंपनी होती, पण त्या कंपनीचा रूळ त्या गावाला कधीच गेला नाही. गावातलं स्टेशन दुसऱ्याच कंपनीचं होतं. डेनीबुवांनी काय केलं, तर ग्रेट सेंट्रलनं तिथे शाखा काढली असती तर कशी काढली असती याचा विचार करून ती घरात काढली. ग्रँडबरो नावाचं जंक्शन बसवलं, तिथून लेटन बझर्डला एक फाटा नेला, आणि इंजिनं, डबे, सिग्नल, घरं, सगळं हातानं केलं. आता हिशेब मांडा. ग्रेट सेंट्रल कंपनी १९२३ साली मोठ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली. बँकेतल्या माणसाला विलीनीकरण म्हणजे काय ते सांगायला नको. आदल्या दिवशी आपली पाटी असते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. खऱ्या बकिंगहॅमची प्रवासी गाडी १९६४ साली बंद पडली. म्हणजे खरी कंपनी गेली, खरी गाडी गेली आणि जी मुळात नव्हतीच ती १९०७ची गाडी मात्र वेळेवर सुटत राहिली.

'वेळेवर' हा शब्द मी सहज वापरलेला नाही. पुष्कळांच्या गाड्या नुसत्या गोल फिरतात. माझ्याही माळ्यावर एक खोका आहे. त्यात एक इंजिन, तीन डबे आणि अंडाकृती रूळ आहेत. लावलं की गाडी बकरी खुंटाभोवती फिरते तशी फिरते. डेनीबुवांची गाडी फिरत नसे, जात असे. एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनाला घंटा वाजवून विचारायचं. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. चार ठोके म्हणजे 'एक्स्प्रेस येते आहे, घेता का?' तीन ठोके, थांबून एक, म्हणजे साधी पॅसेंजर. पलीकडच्यानं तेच ठोके परत वाजवले म्हणजे 'पाठवा'. गाडी निघाली की दोन ठोके. खऱ्या ब्रिटिश रेल्वेत स्टेशना-स्टेशनांत चाले तसाच हा कारभार. आमच्या बँकेत एका खात्यानं दुसऱ्या खात्याला काही विचारलं आणि त्यानं ताबडतोब उत्तर दिलं असं मी अजून पाहिलेलं नाही, म्हणून मला या घंटांचं फार कौतुक.

पण घंटेला उत्तर द्यायला पलीकडे कुणीतरी हवं ना! ते काम डेनीबुवांचा मुलगा क्रिस्पिन करी. मुलगा झाला तरी मुलगाच. शाळा असते, मित्र असतात, कधी नुसताच कंटाळा असतो. बाप इकडे घंटा वाजवून बसलाय आणि पलीकडचा स्टेशनमास्तर अंगणात पतंगामागे, अशी वेळ कुठल्याही घरात येतेच. आपल्याकडच्या बापानं हाक मारली असती, मग आवाज चढवला असता, मग कान धरून आणला असता. डेनीबुवांनी मेकॅनोचे भाग आणि घरातलं किडुकमिडुक जमवून एक यंत्र तयार केलं. ते यंत्र पलीकडच्या स्टेशनाचं काम बघे. घंटेला घंटेनं उत्तर देई, गाडी घेई, गाडी पाठवी. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. हे ऐकून आमच्या चिरंजीवांनी मला विचारलं, "बाबा, तो खरा क्रिस्पिन खूश झाला असेल की नाराज?" मी अजून विचार करतो आहे. आमच्या शाखेत मशिनं आली तेव्हा आम्हा कारकुनांचं असंच काहीसं झालं होतं.

तर डेनीबुवा गेले. त्यांची रेल्वे त्यांच्या चाहत्यांपैकी एका जाणत्या मॉडेलकाराच्या घरी गेली. त्या गृहस्थांचं नाव मी इथे घेत नाही. ते काही मंत्री नव्हेत, सुखानं गाड्या चालवताहेत. चार्ज घेतला म्हणजे त्यांनी नक्की काय घेतलं, एवढंच आपण पाहू.

पहिल्यांदा घेतला तो गेज. हे प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. डेनीबुवांचं माप असं, की खऱ्या एका फुटाला इथे ४ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच. म्हणजे मापानं ते १८.८३ मिलिमीटर भरलं पाहिजे. पण इंग्लंडात दुकानात त्या मापाची जी गाडी मिळते तिचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. का? तर युरोपातल्या लोकांचं माप फुटाला साडेतीन मिलिमीटर, त्यावर १६.५ बरोबर बसतं. पण ब्रिटिश इंजिनं अंगानं किरकोळ. त्या लहान मापात त्या काळची मोटर त्यांच्या पोटात मावेना. मग त्यांनी इंजिन फुगवून ४ मिलिमीटरचं केलं आणि रूळ मात्र तेच ठेवले. अंग मोठं, पाय जवळजवळ. गोरेपान साहेब आखूड लेंग्यात उभे राहावेत तसं दिसतं. बँकेत पाच पैशांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू अशी आमच्या जुन्या हेडक्लार्कांची आख्यायिका आहे. इंग्रजांनी २.३३ मिलिमीटर सरळ सस्पेन्सला टाकले आणि पोरं अजून त्यावर गाड्या चालवताहेत.

काही सज्जनांना मात्र हा फरक सोसेना. त्यांनी रूळ १८ मिलिमीटरवर आणले. डेनीबुवा त्या सुरुवातीच्या मंडळींतले. त्यांनीही वरचे ०.८३ सोडलेच म्हणा, पण माणसानं कुठेतरी जेवायला उठायचंच असतं. मुद्दा असा, की चाळीसच्या दशकात एका पाद्र्यानं घरी बसून घेतलेला हा निर्णय, त्याच्या मागून येणाऱ्याला बंधनकारक झाला. दुकानातून हौसेनं आणलेलं तयार इंजिन बकिंगहॅमच्या रुळांवर उभं राहत नाही. आधी त्याची चाकं बदला, मग आत या. काचेखालचे देव बदलणारा माणूस इथे पहिल्याच दिवशी अडतो.

दुसरं घेतलं साल. १९०७. त्यानंतर जगात जे जे काही झालं त्याला बकिंगहॅमला प्रवेश नाही. नव्या मालकाला डिझेल इंजिनाचं कितीही प्रेम असो, ते त्यानं दुसऱ्या खोलीत करावं.

तिसरं जे घेतलं ते यादीवर येत नाही. ते म्हणजे वस्तूचं म्हातारपण. पाऊण शतकापूर्वी वळलेल्या तारा, पुठ्ठ्याची घरं, हातानं कातलेली चाकं. पुठ्ठा वाकतो, डाख सुटतो, स्प्रिंग मान टाकते. रोज काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय रोजची गाडी सुटत नाही. आणि इथेच खरी मेख आहे. एक तार बदलली तर डेनीबुवांची रेल्वे राहिली की नाही? राहिली. दहा बदलल्या तर? शंभर? भक्त मंडळींचं म्हणणं असतं, काही बदलू नका. न बदलावं तर गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी ही तर डेनीबुवांची नव्हेच नव्हे. त्यांनी पन्नास वर्षं ती काय बघत बसायला बांधली होती?

बरं, 'मूळ बकिंगहॅम' जपायचं म्हणावं तर कुठलं? डेनीबुवांनी बकिंगहॅम स्टेशन स्वतःच तीनदा बांधलं. पहिलं मोडलं, दुसरं केलं, ते पटलं नाही, तिसरं केलं. फाटे आले, गेले. ज्या रेल्वेच्या मालकाला स्वतःचं काम मोडायची एवढी सवय, तिच्या वारसानं एकही खिळा हलवू नये हे म्हणणं मला तरी पटत नाही. उलट ज्याच्या हातात तारा बदलायची पकड आहे, रोज घंटेला जो उत्तर देतो आहे, त्याला थोडाफार अधिकार आपोआप येतो. फक्त तो कुठे वापरायचा याची जाण हवी. आपल्याकडे नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली ती शके १५०६ साली. अडीच-तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी त्यात काय काय घुसडलं होतं. नाथांनी पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी तंबीही देऊन ठेवली. स्वतः नाथांना ओव्या सुचत नव्हत्या असं थोडंच आहे? हजारोंनी सुचत होत्या. त्या त्यांनी आपल्या भागवतात घातल्या. माझ्या मते चार्ज घेण्याची याहून चोख पद्धत कुठल्याही बँकेच्या नियमपुस्तकात नाही. पण पोथीचं एक बरं असतं, तिला तेलपाणी लागत नाही. रेल्वेला लागतं, म्हणून रेल्वेवाल्याला नाथांपेक्षा जरा जास्त सूट द्यावी लागते.

सगळ्यांना असा वारस मिळतो असं नाही. जॉन अहर्न नावाच्या गृहस्थांची 'मॅडर व्हॅली' ही याच परंपरेतली आद्य रेल्वे. तोपर्यंत लोक इंजिनाकडे बघत, गावाकडे कुणी बघत नसे. अहर्न यांनी तीसच्या दशकाच्या अखेरीस रुळांभोवती एक काल्पनिक खोरंच वसवलं, आणि १९४७ साली तर छोटी घरं कशी बांधावीत यावर पुस्तकच लिहिलं. मॅडर म्हणजे जास्त वेडा. त्यांच्या एका स्टेशनाचं नावच 'मच मॅडर'. अशा कोट्या करणारा माणूस मला आवडतो. १९६१ साली ते गेले. त्यांची रेल्वे ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनम गावातल्या पेंडन संग्रहालयात आली आणि तिथे ती आहे. एरवी ती बघायची. ठरावीक दिवशी चालवतात. चार्ज व्यवस्थित दिला-घेतला गेला, सगळं सुरक्षित आहे. तरीही मला लॉकरमध्ये ठेवलेल्या सतारीसारखं काहीतरी वाटतं. अर्थात सतार मोडण्यापेक्षा लॉकर बरा.

त्याच पेंडनमध्ये उलट प्रकारही आहे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून आला. इथली गवताच्या छपरांची जुनी घरं बदलत चाललेली बघून कासावीस झाला आणि ती नाहीशी व्हायच्या आत मापं घेऊन छोटी करून ठेवायची असं त्यानं मनाशी ठरवलं. १९५४ साली त्यातून संग्रहालय उभं राहिलं. एकेका घराला महिनेच्या महिने लागतात. छपराची गवताची काडीसुद्धा कामचलाऊ चालत नाही. म्हणजे हे काम एका आयुष्यात संपणार नाही हे उघड होतं. रॉयबाबा १९९५ साली गेले. त्यांनी आखलेलं खोरं पुढची माणसं बांधतच राहिली. इथे कुणी आपला जिराफ आणत नाही. एक घर बांधायचं, ते रॉयबाबांच्या खोऱ्यात नेऊन ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. पंढरीच्या वारीत चालणारा माणूस 'माझी वारी वेगळी' म्हणून दुसऱ्या गावाला जात नाही, तसं.

आता मौजेचं प्रकरण. बीकन्सफील्ड गावात रोलंड कॅलिंगहॅम नावाचे अकाउंटंट राहत. (वाणिज्य शाखेचा मनुष्य सापडला की मला भरून येतं.) त्यांच्या घरात आगगाडीचं साम्राज्य एवढं पसरलं, की बाईसाहेबांनी एके दिवशी बजावलं, एक तर ही गाडी घराबाहेर जाईल नाही तर मी जाईन. निदान दंतकथा तरी अशी आहे, आणि ती खोटी असावी असं कुठल्याही विवाहित माणसाला वाटणार नाही. साहेबांनी ताळेबंद मांडला आणि गाडी बागेत नेली. १९२९ साली तिथे 'बेकनस्कॉट' हे छोटं गाव उघडलं. बघायला लोक लोटले. मागून चालवणाऱ्यांनी गावाला काळाबरोबर ठेवलं. जगात काँक्रीटच्या इमारती आल्या, गावात आल्या. नवी इंजिनं आली, गावात आली. साठ-एक वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की हे गाव आता कुणाचंच राहिलेलं नाही, बाहेर दिसतं तेच आत दिसतं. मग १९९२ साली त्यांनी ठरवलं, परत जायचं. काँक्रीट काढलं, गाव पुन्हा १९३०च्या दशकात नेऊन ठेवलं. बँकेत याला रिव्हर्सल एंट्री म्हणतात. जुनी नोंद खोडायची नसते. तेवढ्याच रकमेची उलटी नोंद करायची. फक्त आमच्याकडे ती त्याच दिवशी केली तर साहेब रागवत नाहीत. साठ वर्षांनी केलेली मी ही एकच पाहिली, आणि ती मंजूर झाली.

या सगळ्यांना निदान चार्ज घ्यायला वस्तू होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन अॅलन नावाचा छायाचित्रकार होता. १९४६ पासून त्यानं 'गॉर अँड डॅफेटिड' नावाची रेल्वे उभारली. नाव मोठ्यानं वाचलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा काहीसा अर्थ ऐकू येतो. डोंगर जमिनीपासून छतापर्यंत, दऱ्या अशा की बघणाऱ्याचे पाय लटपटावेत. शंटिंगला इंजिनाऐवजी एक डायनासोर ठेवला होता, त्या बाईचं नाव एमा. (आमच्या वाड्यातल्या जिराफाचं कुलदैवत!) पुढे मोठी रेल्वे बांधली तेव्हा आपली पहिली टेबलाएवढी रेल्वे त्यानं मोडली नाही, मोठीच्या पोटातच बसवली. जगभरातली मंडळी त्या फोटोंवर वाढली. ६ जानेवारी १९७३ला अॅलन हृदयविकारानं गेला. मित्र हळहळले, आता हे कसं सांभाळायचं यावर बोलणी सुरू झाली असतील. दहाएक दिवसांत घराला आग लागली आणि ती रेल्वे जळून गेली.

इथे मला विनोद सुचत नाही. एकच सांगतो, अॅलननं शंटिंगचं एक छोटं कोडंही केलं होतं. पाच सुया, थोडेसे रूळ, मोजके डबे, आणि हलवाहलव करून ते ठरल्या जागी पोचवायचे. फळीभर जागा पुरते. त्याची रेल्वे जळाली, पण ते कोडं लोक अजून आपापल्या घरी बांधतात. कुणी त्यात आपल्या गावची गोदी घालतो, कुणी साखर कारखाना. त्याला यादी लागत नाही, सह्या लागत नाहीत.

आपल्या पुण्यातही एक घर आहे. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं आणि १९९८ साली सगळ्यांना खुलं केलं. भाऊ गेले, पण गाड्या थांबल्या नाहीत; घरच्यांनी चालू ठेवल्या. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. दिवे मंद झाले, गाड्या निघाल्या, सिग्नल हिरवे झाले. आमच्या चिरंजीवांनी तोंड उघडं ठेवून सगळं पाहिलं, आमच्या सौ.नी, या एवढ्या पसाऱ्यावरची धूळ पुसतं कोण, हा प्रश्न विचारला. हसू नका. सबंध लेखात मी जे प्रश्न उपस्थित केले त्यांत वारसाच्या दृष्टीनं तोच पहिला.

परतीच्या बसमध्ये चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, तो माळ्यावरचा खोका पुढे माझाच ना?"

"तुझाच."

"मग मी त्यावर मेट्रो चालवली तर चालेल?"

"चालेल. गेज बघून घे."

"आणि तो अंडाकृती रूळ काढून टाकला तर?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. नळ स्टॉप आला होता. सौ. म्हणाल्या, "आधी तो खोका माळ्यावरून खाली कोण काढणार ते दोघं मिळून ठरवा."